फाटकाला कुलूप कशासाठी?

२०१८ च्या जून-जुलैत विश्वचषकाने आमच्या धर्मग्रामातील एका मुलाला झपाटले. रात्री दूरचित्रवाणी, दिवसा चर्चच्या पटांगणातील चिखल. तो जपमाळेला चुकू लागला, तेव्हा फाटकाला कुलूप लावा, असा आग्रह वडीलधाऱ्यांनी धरला. (लग्नाच्या मांडवाला हेच पटांगण बिनतक्रार मिळते!) मुलांना पिटाळून भक्ती वाढते, हे आम्हांस सेमिनरीत कुणी शिकविले नाही.

१९०८ साली ब्युनोस आयर्सच्या रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांना फादर लोरेन्सो मास्सा यांनी आपल्या प्रार्थनालयाचे आवार दिले. अट एकच, रविवारी मिस्सेला यायचे. त्यातूनच सान लोरेन्सो क्लब जन्मला. पोप फ्रान्सिस त्याचेच सभासद होते.

आम्हीही तीच अट घातली. पुढच्या रविवारी मुलगा आला, बुटांच्या चिखलासकट. त्यावरही तक्रार आलीच.