भोकरदनची मूर्ती भोकरदनला पाहू द्या

मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य, आणि मा. जिल्हाधिकारी, जालना यांस,



इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली इटलीतले पॉम्पेई गाडले गेले. तिथल्या एका घरातून 1938 मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. उंची जेमतेम 25 सेंमी. अंगावर वस्त्र नाही, पण दागिन्यांना तोटा नाही: हातभर बांगड्या, कमरेला मेखला, पायांत जड तोडे. पायाला पायाची तिढी घालून ती उभी आहे, दोन्ही अंगांना शृंगाराचे साहित्य घेतलेल्या सेविका. डोक्यातून खाली भोक पाडले आहे. बहुधा ती आरशाची मूठ किंवा छोट्या मेजाचा पाय असावी. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

त्याच घडणीची, त्याच नटण्याची एक तुटकी मूर्ती आपल्या भोकरदनच्या मातीत निघाली. हे गाव म्हणजे सांची आणि भारहुतच्या दानलेखांतले भोगवर्धन. 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी केळना नदीकाठच्या या गावात उत्खनन केले, शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी अहवाल लिहिला. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी तर पॉम्पेईच्या मूर्तीचे माहेर भोकरदनला असावे, असे मांडले. पॉम्पेईच्या मूर्तीवरचे खरोष्ठी लिपीतले अक्षर मात्र भारतीय उपखंडाच्या वायव्येकडे बोट दाखवते, त्यामुळे वाद मिटलेला नाही. भोकरदनला प्रदर्शन मांडाल, तेव्हा हा वाद फलकावर तसाच लिहा. गावाच्या अभिमानापोटी खोटी खात्री छापू नका.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या प्राचीन गावच्या वस्तू तेरमध्येच, रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पाहता येतात. भोकरदनच्या पोरांनाही तो हक्क हवा. असा मान परदेशातही दिला गेला आहे: 1984 मध्ये न्यूझीलंडच्या माओरींची लाकडी कोरीव शिल्पे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेली, तेव्हा माओरी वडीलधारे सोबत गेले आणि पहाटेचे विधी करून त्यांनीच प्रदर्शन खुले केले. ज्यांच्या मातीतली कला, त्यांना मान मिळाला.

मूळ मूर्ती भोकरदनला हलवा, असा माझा हट्ट नाही. हस्तिदंत नाजूक असतो, त्याला दमट-कोरड्या हवेचा त्रास होतो. पण दोन्ही मूर्तींच्या उत्तम प्रतिकृती भोकरदनला शेजारी शेजारी ठेवता येतील. नेपल्सच्या संग्रहालयाला पत्र आपल्याच कार्यालयातून जायला हवे, ते गावकऱ्यांचे काम नव्हे. एक खोली, दोन काचपेट्या, उत्खननातली थोडी खापरे, मणी आणि मराठीत नीट लिहिलेली माहिती, एवढी तरतूद या वर्षीच्या जिल्हा नियोजनात करावी, ही विनंती.

आपला,
भोकरदन तालुक्यातील एक इतिहास-शिक्षक