वैमानिकाची रजा आणि मालकाची मर्जी

सप्टेंबर 2009 मध्ये जेट एअरवेजचे शेकडो वैमानिक एकाच वेळी आजारी पडले. कारण? त्यांनी 'नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड' ही संघटना काढली आणि व्यवस्थापनाने त्यांच्या दोन सहकाऱ्यांना घरी बसवले. लाखांत पगार घेणाऱ्यांना युनियन कशाला हवी, असे आपलेही लोक विचारतात. घटनेच्या 19 व्या कलमाने संघटनेचा हक्क दिला, त्यात पगाराची अट कुठे आहे? पाचेक दिवसांत तडजोड झाली, काढलेले परत कामावर आले.

एप्रिल 2019 मध्ये हीच कंपनी बंद पडली, तेव्हा वैमानिकांचे काही महिन्यांचे पगार थकले होते. पगार थकवला, तर कायदा त्याला टाळेबंदी म्हणत नाही! उलट 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा अधिक कामगारांनी संगनमताने एकाच दिवशी घेतलेली नैमित्तिक रजा म्हणजे संप, आणि संपाआधी 14 दिवसांची नोटीस सक्तीची. मात्र शब्द 'नैमित्तिक' आहे. आजारपणाची रजा त्यात बसते का, हा मुद्दा कामगारांच्या वकिलांनी आत्ताच टिपून ठेवावा.