शेवटचे दोन किलोमीटर

बोरिवलीचा माझा भाचा दोन महिने एकच प्रश्न विचारतो आहे. "मावशी, तू चार वर्षं चालवते आहेस. लहान, डिझेल, फोर बाय फोर. घेऊ का?" त्याने आपल्या परीने अभ्यास केला आहे. ओळखीच्या पाच मालकांना त्याने मत विचारलं. तिघे म्हणाले, डोळे मिटून घे. दोघे म्हणाले, चुकूनही घेऊ नकोस. आता तो गोंधळला आहे.

मी त्याला विचारलं, "हे पाचही जण गाडी रोज कुठे चालवतात?" ते त्याने विचारलंच नव्हतं.

या गाडीच्या बाबतीत मालकाच्या मतापेक्षा मालकाचा रस्ता महत्त्वाचा असतो. नाशिकजवळ द्राक्षबाग असलेला माणूस आणि अंधेरीत मरोळ ते साकीनाका ये-जा करणारा माणूस एकाच गाडीबद्दल बोलत असले तरी त्यांचे अनुभव वेगळे असतात, आणि दोघेही खरं बोलत असतात.

माझा रस्ता आधी सांगते. राहायला मुलुंड पूर्वेला. सासरचं घर देवरूखच्या पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याकडे. मुख्य रस्ता सोडला की वाडीपर्यंत दोन किलोमीटरचा चढ आहे. जांभ्याचे दगड, लाल माती, मध्ये एक साकव. उन्हाळ्यात तिथे कुठलीही गाडी जाते. आषाढात त्या मातीचं लोणी होतं. पूर्वी आमची छोटी गाडी खाली दुकानापाशी उभी राहायची आणि सामान डोक्यावरून वर जायचं. सासरे ऐंशीच्या पुढे गेल्यावर ही तजवीज पुरेना. चार वर्षांपूर्वी आम्ही गाडी घेतली ती या दोन किलोमीटरसाठी.

त्या जुलैत एका रात्री सासऱ्यांना दम लागला. धो धो पाऊस, वाडीत वीज नाही. त्यांना मागे बसवलं आणि चढ उतरायला लागले. वर चढण्यासाठी फोर बाय फोर लागतं हे सगळ्यांना माहीत असतं. उतरताना त्याचा जास्त उपयोग होतो, हे मला त्या रात्री कळलं. फोर बाय फोरचा लीव्हर लोमध्ये, गिअर पहिला. ब्रेकवर पाय न ठेवता गाडी मुंगीच्या पावलांनी उतरते, कारण इंजिनच चारही चाकांना धरून ठेवतं. निसरड्या मातीत ब्रेक दाबला की चाक अडकतं आणि गाडी घसरते. इथे ब्रेकची गरजच पडली नाही. पाऊण तासात देवरूखला डॉक्टरांसमोर होतो. सासरे त्यानंतर दोन वर्षं होते. या गाडीबद्दल माझं मत कोणी विचारलं की आधी ती रात्र आठवते, आणि म्हणूनच माझं मत भाच्याला जसंच्या तसं लागू होत नाही.

आता मुलुंडची गोष्ट. घर ते स्टेशन, स्टेशन ते बाजार, कधी घाटकोपरला बहिणीकडे. रोजचा प्रवास जेमतेम सहा किलोमीटर, तोही थांबत थांबत. घेतल्यावर पाच महिन्यांनी एलबीएस रोडवर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. तो डीपीएफचा होता. विकताना या भागाबद्दल कोणी एक शब्द सांगितला नव्हता.

डिझेलची काजळी धरून ठेवणारी ही गाळणी असते. 1 एप्रिल 2020 पासून बीएस सहा नियम लागू झाले आणि नव्या डिझेल मोटारींत ती सगळीकडे आली. हवेसाठी ते चांगलंच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण साठलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते. गाडी ते काम स्वतः करते: जास्तीचं इंधन सोडून गाळणी सुमारे 600 अंशांपर्यंत तापवते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं एका वेगाने सलग धावणं लागतं. अंधेरी-कुर्ला रोडवर किंवा एलबीएसवर ते कधी मिळणार? गाडी काजळी जाळायला सुरुवात करते, आपण तेवढ्यात घरी पोचून चावी फिरवतो. असं पुन्हा पुन्हा झालं की काजळी साठत जाते, न जळलेलं इंधन इंजिन ऑइलमध्ये उतरतं, शेवटी गाडी जोर धरत नाही आणि सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. गाळणीच बदलायची वेळ आली तर खर्च फार मोठा.

तेव्हापासून दर रविवारी पहाटे मी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागते. मुलुंड ते चेंबूर आणि परत, चौथ्या गिअरमध्ये, इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या वर ठेवून. दिवा पुन्हा लागला नाही. पण नीट विचार करा. गाडी निरोगी ठेवण्यासाठी दर आठवड्याला विनाकारण डिझेल जाळायचं. गावच्या चढासाठी मी ते मान्य केलं आहे. रोज सहा किलोमीटर चालवणाऱ्या आणि वर्षातून एकदा लोणावळ्याला जाणाऱ्याने ते का मान्य करावं?

त्यात दुकानात आज पर्यायही मोजके उरले आहेत. रेनॉ डस्टरची डिझेल, चारही चाकं ओढणारी आवृत्ती 2014 मध्ये आली आणि बीएस सहा नियमांबरोबर गेली. तिचे जुने मालक अजून ती विकायला तयार नाहीत. मारुतीने 2020 मध्ये डिझेलच सोडलं, त्यामुळे 2023 ची जिम्नी फक्त पेट्रोलवर आहे. चार मीटरच्या आत डिझेल आणि खरं फोर बाय फोर हवं तर राहतात महिंद्राची तीन दारांची थार आणि फोर्स मोटर्सची तीन दारांची गुरखा. दोन्ही कंपन्या आपल्या मातीतल्या. अमेरिकन विलीज जीपचे भाग मुंबईत जोडून महिंद्राच्या जीपची सुरुवात झाली. कांदिवलीला आकुर्ली रोडवर त्यांचा कारखाना आहे, आणि थार नाशिकला बनते. फोर्स म्हणजे पुण्याच्या आकुर्डीची पूर्वीची बजाज टेम्पो.

थारमध्ये एक खोच आहे ती भाच्याला ठाऊक नव्हती. 2023 पासून तिचं 1.5 लिटर डिझेल इंजिन मिळतं, पण ते फक्त मागची चाकं फिरवतं. फोर बाय फोर हवं तर 2.2 लिटर घ्यावं लागतं. सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला 18 टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या इंजिनाला 40 टक्के. म्हणजे दिसायला तीच गाडी, पण चारही चाकांचा जोर हवा असेल तर कराचा टप्पाच बदलतो. शिवाय महाराष्ट्रात डिझेलचा रस्ताकर पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त: दहा लाखांपर्यंत 13, त्यापुढे वीस लाखांपर्यंत 14 टक्के. गावाला चिखल नसेल तर मागच्या चाकांची स्वस्त गाडी घ्यावी, त्यात कमीपणा नाही. आणि जोरासाठीच डिझेल हवं असेल तर हेही ऐका: थारच्या 2.2 डिझेलला 300 न्यूटन मीटरचा जोर आहे, तिच्या टर्बो पेट्रोलला त्यापेक्षा कमी नाही. डिझेलचा फायदा लांबच्या प्रवासातल्या अॅव्हरेजमध्ये आहे. तो फायदा हवा तर प्रवासही लांबचा हवा.

आता बाकीच्या मालकांचं. अंधेरीच्या एका ओळखीच्या गृहस्थांचं म्हणणं, या गाडीचं स्टिअरिंग फार जड आणि वळताना ती अडखळते. खोदून विचारलं तेव्हा कळलं, पावसाळा सुरू झाला की ते वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर लीव्हर फोर एचमध्ये, म्हणजे चारही चाकांवर, टाकून ठेवतात, पकड चांगली मिळावी म्हणून. या गाड्यांमध्ये फोर बाय फोर टाकलं की पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांशी बांधले जातात. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. मातीत चाक थोडं सरकून ती तफावत भरून काढतं, डांबरावर सरकू शकत नाही. सगळा ताण गिअरवर आणि टायरवर येतो. डांबर ओलं असलं तरी त्यावर टू एचच, म्हणजे दोनच चाकांवर, ठेवायचं. फोर बाय फोरने ब्रेकही लवकर लागत नाही, तो चारही चाकांना आधीपासून असतोच. गाडी चांगली, शिकवणारं कोणी नाही, हीच या गृहस्थांची अडचण. लीव्हर कधी टाकायचा हे गाडी देतानाच प्रत्येक ग्राहकाला कच्च्या रस्त्यावर नेऊन शिकवलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या सोसायटीतले बँकेतून निवृत्त झालेले काका जुनी एमएम 540 अजून चालवतात. तिचं पुढचं चाक जोडायला खाली उतरून, चिखलात गुडघे टेकून हब हाताने फिरवावा लागतो. ते म्हणतात, "उतरून जमीन बघितल्याशिवाय फोर बाय फोर लागतच नाही, म्हणून माझी चूक होत नाही." हे त्यांचं वाक्य माझ्या मनात घर करून आहे. लीव्हरने सोपं झालेलं काम आधी समजून घ्यायलाच हवं.

घाटकोपरचं एक जोडपं मात्र वर्षभरात गाडी विकून मोकळं झालं. चिखल त्यांच्या वाट्याला कधी आलाच नाही. तीन दारांच्या गाडीत मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून, पायरीवर चढून, वाकून आत शिरावं लागतं. त्यांच्या आईच्या गुडघ्यांना ते झेपेना. आई हळूहळू कुठेही यायचं टाळू लागल्या. घरातलं एक माणूस गाडीमुळे घरी राहू लागलं तर ती गाडी विकणंच योग्य. त्यांच्या पुनर्विकास झालेल्या इमारतीत यांत्रिक पार्किंग आहे, त्याच्या वरच्या कप्प्याची उंची आणि वजनाची मर्यादा त्यांनी गाडी आल्यावर पाहिली. या गाड्यांची उंची 1.8 मीटरच्या पुढे असते. टेप घेऊन आधी मोजायला दोन मिनिटं लागतात.

पावसाळ्याबद्दल सांगायलाच हवं, कारण उपनगरात अनेकजण ही गाडी साठलेल्या पाण्याच्या धास्तीने घेतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवसाची भीती आमच्या पिढीच्या हाडांत आहे. म्हणून मी भीतीला नावं ठेवत नाही. पण थारची पाण्यातून जाण्याची कंपनीने सांगितलेली मर्यादा 650 मिलिमीटर, गुरखाची 700. अंधेरी सबवेत पाणी भरलं की ते किती खोल आहे हे वरून दिसत नाही. शेजारून बस गेली की लाट वेगळीच. हवा ओढणाऱ्या तोंडातून पाणी इंजिनात गेलं तर चार चाकांचा काही उपयोग नाही, आणि इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलं नसेल तर साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही. पाणी दिसलं की गाडी वळवा. समुद्रकिनाऱ्यावर तर नेऊच नका. कोकणच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, त्यावरून दोन टनांच्या आसपासची गाडी फिरवायचा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाही.

भाच्याचं ऑफिस मालाडला आहे आणि तो मेट्रोने जातो. गाडी शनिवार-रविवारपुरती. पण त्याच्या बायकोचं माहेर जव्हारच्या पुढे आहे, पावसाळ्यात तिथली वाट मी पाहिली आहे, आणि महिन्यातून दोनदा ते जातात. तिथवर जाऊन यायचं म्हणजे इंजिन चांगलं तापतं आणि गाळणीही साफ राहते. त्याच्यासाठी मी हो म्हणाले. त्याच्या मित्रासाठी, ज्याचा सगळा प्रवास बोरिवली ते गोरेगाव आहे, मी नाही म्हणाले.

एकच अट घातली. येत्या शनिवारी तो माझ्या बहिणीला शोरूमला घेऊन जाणार आहे. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. ती मागच्या सीटवर कोणाच्या मदतीशिवाय चढली आणि उतरली, तरच तो बुकिंगचे पैसे भरणार आहे.