नेटवर आहे म्हणून वही टाकू नका

गेल्या महिन्यात आमच्या हॅरोच्या घरी चार कुटुंबे जेवायला जमली होती. मी कपाटातून जुन्या मराठी मासिकांचे गठ्ठे काढून दाखवीत होतो. एक तरुण नातलग हसून म्हणाला, "काका, हा पसारा कशाला ठेवता? आता सगळे नेटवर असते." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही, ते आज देतो.

वाचकहो, 'नेटवर असते' म्हणजे नक्की कोठे असते?

माझ्या आईच्या तोंडची मेंदीची आणि हळदीची गाणी आमच्या वहिनींनी एका वहीत उतरवून ठेवली होती. २००३ च्या सुमारास भाच्याने ती टाइप करून एका कंपनीच्या फुकट जागेवर लावली. लोद आणि अश्दोदच्या नातेवाइकांनी वाचली, शाबासकी दिली. पुढे घर बदलताना वही केराच्या पिशवीत गेली. गाणी नेटवर होतीच ना! काही वर्षांनी कंपनीने ती सेवा बंद केली. सूचना पाठविली होती म्हणे, पण भाचा उघडतही नसलेल्या जुन्या ईमेलवर. वहिनी आता नाहीत. दोन गाण्यांचे तुकडे मला चालीसकट येतात, बाकीची गेली.

हे आमच्याच घरचे दुर्दैव असे समजू नका. जिओसिटीज १९९४ साली निघाले, लाखो लोकांनी तेथे आपली पाने मांडली, आणि २००९ साली ते बंद झाले. ऑर्कुट २०१४ साली गेले. इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थांनी यातले काही वाचविले, सगळे नाही. उलट, हाईम सॅम्युएल केहिमकरांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ साली लिहिला, तो छापून आला १९३७ साली, तेल अवीवला. लेखक तोवर केव्हाच निवर्तले होते. चाळीस वर्षे ते हस्तलिखित थांबून राहिले, आणि उघडताना कोणाला पासवर्ड लागला नाही.

मी यंत्राचा वैरी नाही. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुले केले. तेव्हा येथून मुंबईला फोन म्हणजे घड्याळाकडे डोळे लावून बोलणे. आज नातवाचे तोंड पाहत तासभर बोलतो. पूर्वी एकेका मराठी वर्तमानपत्राचा फाँट निराळा, आपल्या संगणकात तो नसला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. युनिकोडने तो त्रास मिटविला. हे उपकार मी मानतो.

पण एक गोष्ट बिघडली, आणि ती आपल्या ध्यानातही आली नाही. १९९३ साली सर्न या संस्थेने वेबचे तंत्र जगाला मोफत दिले. त्या काळच्या पानाला पत्ता असे. अनोळखी माणूसही तेथे पोचे. आता आपण लिहितो ते व्हॉट्सॲपच्या गटात. हॅरोतल्या एखाद्या मावशींनी मलिद्याची घरची रीत लिहिली, तर ती गटातल्यांनाच दिसते आणि चार दिवसांत 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली गाडली जाते. बेअरशेबात वाढणारी मुलगी उद्या ती शोधू लागली, तर तिला सापडणार कोठून? फोन हरवला आणि दुसरी प्रत नसली, की मावशींकडूनही गेली. याला समाजाचा संग्रह म्हणायचे काय?

फोटोंचीही तीच गत. येथे वील्डस्टोनला १८९१ पासून कोडॅकचा कारखाना होता. फोटोचा कागद तेथे तयार होई. २०१६ साली तो बंद पडला. कारखाना गेला, पण पाठीवर कोडॅकचे नाव असलेले माझ्या लग्नाचे फोटो कपाटात आहेत. मुलाच्या लग्नाचे कोणत्या खात्यात आहेत, ते त्यालाच आठवत नाही!

तेव्हा नेटवर जरूर लावा, पण कोणालाही उघडता येईल अशा पानावर लावा, एक प्रत छापून ठेवा आणि मूळ वही टाकू नका. घरात जागा नसेल तर या मासिकामार्फत मला कळवा. हॅरो अँड वील्डस्टोन स्टेशनवर येऊन मी वह्या घेऊन जाईन. पिशव्या उचलायला त्या तरुण नातलगालाच बरोबर आणतो.