बॅटची किंमत आणि बॉलचं वजन

दिवाळी सरली, खारेपाटातली भातं कापून झाली की वडखळच्या आसपास शेताशेतांत पीच पडायला लागतात. जमीन वरून भेगाळलेली, पोटात अजून ओली. रोलर मिळाला तर ठीक, नाहीतर पिंप पाण्याने भरून फिरवायचं, वर मॅट ताणून कडेने खिळे ठोकायचे, की मैदान तयार. तिथून पावसापर्यंत शनिवार-रविवार मोकळा सापडत नाही. याच दिवसांत माझ्या पडवीत बॅटी गोळा होतात. मी ग्रिप बदलतो, हललेली मूठ पुन्हा बसवतो, सुटलेला दोरा गुंडाळतो आणि सुट्टीच्या दिवशी कुठल्या ना कुठल्या गावात पंच म्हणून उभा राहतो.

गेल्या काही हंगामांत या बॅटींचं वजन आणि किंमत, दोन्ही वाढत चाललंय. पोरगा डोलवीच्या बाजूला कंत्राटावर कामाला किंवा नाक्यावर ट्रकचे टायर खोलणारा, आणि बॅटची किंमत पाच आकडी. हप्त्याने घेतलेलीही बघितली आहे. माझं म्हणणं सरळ आहे: टेनिस क्रिकेट खेळणाऱ्या आमच्याकडच्या बहुतेक पोरांना ती बॅट लागत नाही, आणि कित्येकांना ती पेलतही नाही. हे मी स्वतःच्याच पोटावर पाय देऊन सांगतोय, कारण स्वस्त बॅट लोक फुटेपर्यंत वापरतात, निगा राखायला पैसे मोजतात ते महागड्या बॅटचीच.

आधी बॉल बघू. सगळे बॅटपासून सुरुवात करतात आणि तिथेच घोळ होतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमाप्रमाणे टेनिसचा बॉल ५६ ते ५९.४ ग्रॅमचा. क्रिकेटचा लेदर बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ तिप्पट. आपल्याकडे ‘हेवी’ म्हणून मिळतो तो बॉल साध्या टेनिसपेक्षा जड, पण लेदरच्या वजनाला तोही पोचत नाही. आता शाळेत शिकलेलं संवेगाचं गणित ढोबळ मानाने मांडा. नऊशे ग्रॅमची बॅट बाराशेची केली आणि दोन्ही सारख्याच वेगाने फिरवल्या, तर लेदर बॉलचा बॅटवरून सुटण्याचा वेग साधारण चार टक्क्यांनी वाढतो. टेनिस बॉलचा वाढतो दीड टक्का. दीड टक्क्यासाठी तीनशे ग्रॅम जास्तीचं लाकूड आणि वर तेवढे पैसे.

त्यात ‘सारख्याच वेगाने’ ही अट आहे, ती कोणी पाळत नाही. पाळताच येत नाही. चार षटकांच्या मॅचमध्ये शेवटच्या षटकात पायात येणारा यॉर्कर खणून काढायचा असतो, तेव्हा जड बॅट खाली यायला उशीर करते. बॅटचा वेग दोन टक्के घसरला की तो दीड टक्का तिथेच संपला, वर थोडं अंगावर आलं.

लाकडाचंही तसंच. लेदर बॉल कडक असतो, तो आदळतो तेव्हा बॅटचं लाकूड किंचित दबतं आणि परत उसळतं. इंग्लिश विलोला मोल आहे ते या गुणामुळे. टेनिस बॉल मऊ. तिथे दबतो तो बॉल, लाकूड जागच्या जागी राहतं. काश्मीरमध्ये अनंतनागच्या बाजूला बनणारी काश्मिरी विलोची बॅट जास्त कडक आणि थोडी जड असते, म्हणून लेदरवाले तिला दुय्यम मानतात. टेनिसला ती पुरून उरते. टेनिसच्या बॅटमध्ये कारागीर मागच्या बाजूचं लाकूड कोरून काढतात, त्याला स्कूप म्हणतात. त्यामुळे कडा जाड राहतात आणि वजन उतरतं. डोकं लढवलंय त्यात, नाही म्हणत नाही. एमसीसीने ऑक्टोबर २०१७ पासून बॅटची कड ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको असा नियम केला. आमच्या शेतातल्या मॅचला तो नियम नाही, त्यामुळे कडा दर हंगामाला फुगतायत.

जाड कडेचा फायदा अजिबातच नाही, असंही नाही. किपरच्या डोक्यावरून गेलेली कड छोट्या मैदानात सरळ भाताच्या उडवीवर जाऊन पडते आणि मला दोन्ही हात वर करून सिक्स द्यावी लागते. शिव्या घालणारा बॉलर पंचाकडेच बघत असतो. पण कडेच्या सिक्सच्या भरवशावर पगार खर्च करायचा का?

हे सगळं माझ्या डोक्यात नीट बसलं ते गोल्फमुळे. हसू नका. इथून पनवेलच्या पुढे खारघरला सिडकोचं गोल्फचं मैदान आहे, आणि आमच्या भागातल्या एका कंपनीतले एक साहेब तिथे सुट्टीला खेळायला जातात. बॅटची ग्रिप बसवतो म्हणून कोणीतरी माझं नाव सांगितलं, तर ते आपला ड्रायव्हर घेऊन पडवीत हजर. ड्रायव्हर म्हणजे पहिला लांब फटका मारायची काठी, डोकं पोकळ, धातूचं. तिची ग्रिप बसवायची पद्धत निराळी. जुनी ग्रिप उभी चिरून काढायची, दांड्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची, नव्या ग्रिपमध्ये पेट्रोल ओतून ते टेपवरही फिरवायचं आणि ओलं असेतो एका दमात ग्रिप सरकवायची. थांबलात की ती अर्ध्यावर अडकलीच म्हणून समजा.

ग्रिप वाळेपर्यंत साहेब बोलत बसले. नवा ड्रायव्हर घ्यावा की नाही, हा त्यांचा प्रश्न होता, किंमत पन्नास-साठ हजारांच्या घरात. त्या खेळात नियम कडक आहेत. ड्रायव्हरचं डोकं ४६० घनसेंटिमीटरपेक्षा मोठं नको, आणि त्याच्या पृष्ठभागाला किती स्प्रिंग असावी याचीही हद्द ठरलेली. चांगल्या कंपन्या कधीच्या त्या हद्दीला जाऊन टेकल्यात. म्हणजे ऐन मध्यावर बसलेला फटका पाच-सात वर्षं जुन्या ड्रायव्हरने आणि या वर्षीच्या नव्याने जवळपास तेवढाच जातो. महागड्यात फरक पडतो तो मध्य चुकला तर, आणि दांडा तुमच्या हाताला जुळवून मिळाला तर. अमेरिकेतले व्यावसायिक खेळाडू ड्रायव्हरचं डोकं ताशी १८० किलोमीटरच्या वर फिरवतात, हौशी पुरुषाचा वेग १५०च्या आसपास. कमी वेगाच्या माणसाला डोक्याचा तिरपेपणा जास्त लागतो आणि दांडा लवचीक, नाहीतर बॉल वर चढतच नाही. पण दुकानात साहेबांचा हात जायचा तो टीव्हीवरच्या खेळाडूच्या नऊ अंशांच्या ड्रायव्हरकडे. शेवटी यंत्रावर वेग मोजून घेतला, तो निघाला त्यांच्या अंदाजापेक्षा बराच कमी. त्यांनी जुनं डोकं ठेवलं आणि फक्त दांडा बदलून घेतला.

त्यांच्याकडून मी एक युक्ती उचलली. गोल्फवाले ड्रायव्हरच्या तोंडावर पायाला मारायची पावडर फवारतात. फटका मारला की बॉलचा ठसा उमटतो आणि आपण कुठे मारतोय ते खोटं न बोलता कळतं. आपल्याकडे हे उलटं करायचं. बॉल खडूच्या पुडीत घोळवायचा, बॅट कापडाने कोरडी पुसायची, समोरून कोणाला तरी नेहमीच्या वेगाने टाकायला सांगायचं. दर दोन-तीन बॉलनंतर पुन्हा पूड. तीसेक बॉल खेळून झाले की बॅट उजेडात धरायची.

पलीकडच्या पाड्यावरचा एक पोरगा नवी बॅट घेऊन आला होता. स्टिकर चकचकीत, प्लॅस्टिकचं आवरण अजून मुठीवर. “नाना, बॅट भारी हाय, पन बॉल जात नाय.” बॅटमध्ये खोट असेल, ती परत होईल का बघ, म्हणून आला होता. त्याला अंगणात खेळवला. पांढरे ठसे सगळे बॅटच्या बुडाशी, खालच्या चार बोटांत, आणि त्यातले निम्मे बाहेरच्या कडेला. मधला पट्टा, जिथे लाकूड सगळ्यात जाड आणि ज्याचे त्याने पैसे मोजले होते, तिथे दोन-तीनच ठसे. बॅट वेळेत येत नव्हती, बॉल तिच्या बुडाला चाटून जात होता. मग संघाची जुनी, कडा झिजलेली, साडेनऊशे ग्रॅमच्या आतली बॅट त्याच्या हातात दिली. तेच अंगण, तोच बॉलर. ठसे वर सरकले, आत आले, एका तळहाताखाली मावतील एवढ्या जागेत जमा झाले. शेवटचा बॉल आमच्या शेवग्यावरून पलीकडे गेला. पोराने दोन्ही बॅटी शेजारी ठेवून खूप वेळ बघितल्या आणि म्हणाला, “पन ही जुनी हाय ना.”

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

वजनाबद्दल आणखी एक. काट्यावरचं वजन आणि हातातलं वजन यांत फरक असतो. हातातल्या वजनाला खेळाडू उचल म्हणतात. किराणावाल्याच्या काट्यावर दोन बॅटी सारख्याच भरतील, पण जिचं लाकूड बुडाशी जास्त ती हातात जड लागेल. दुकानात बॅट दोन्ही हातांत धरून हवेत दोन फटके मारले की काही कळत नाही, त्या वेळी सगळ्याच बॅटी फुलासारख्या असतात. मुठीच्या वरच्या टोकाला लागणारा एकच हात वापरा, बॅट समोर आडवी धरा आणि थोडा वेळ तशीच ठेवा. मनगट थरथरलं, टोक खाली झुकलं, तर ठेवून द्या.

“सचिन जड बॅट वापरायचा” हे वाक्य मला हंगामात कितीदा ऐकावं लागतं. वापरायचा, खरं आहे, सव्वा किलोच्या बरीच वरची. पण तो लेदर बॉल खेळत होता, आणि लहानपणापासून शिवाजी पार्कवर सकाळ-संध्याकाळ घाम गाळून ते वजन त्याच्या मनगटात मुरलं होतं. आमचा पोरगा बारा तासांची शिफ्ट करून, वडखळच्या ट्रॅफिकमधून गाडी काढून थेट टॉसला पोचतो.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मला राग येतो, आणि तो पोरांवर नाही, बापांवर. बारा वर्षांच्या मुलाला पूर्ण मापाची बॅट, कारण “दोन वर्षं चालंल.” शाळेच्या गणवेशासारखी बॅट वाढत्या अंगाची घेता येत नाही. मूठ लांब पडली की पोर हात वेगळे धरतं, बॅट आडवी आणतं, आणि एकदा लागलेली ती खोड मिशा फुटल्या तरी जात नाही. बॅटची लहान मापं पेणलाही मिळतात, मागितली तर.

मग महाग बॅट कोणी घ्यावी? ज्याचे ठसे एका जागी पडतात त्याने जरूर घ्यावी. असे खेळाडू आमच्याकडे आहेत. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर मार्च २०२४मध्ये टेनिस बॉलची आयएसपीएल सुरू झाली, दहा षटकांचे सामने, टीव्हीवर. तोवर शेतातल्या मॅचच्या पुढे मोटारसायकलच्या बक्षिसापलीकडे आमच्या पोरांना फारसं काही दिसत नव्हतं. आता रस्ता दिसतो. त्या पातळीवर शेवटचा दीड टक्काही मोजायचा असतो, आणि चांगल्या लाकडाचा, नीट जुळवलेल्या उचलीचा खर्च तिथे वसूल होतो. माझी तक्रार ती बॅट पहिल्या दिवशी घेण्याबद्दल आहे. गावच्या स्पर्धेच्या लिलावात नाव आलं, संघमालकाने जर्सी दिली, की पोराला वाटतं आता बॅटही तशी हवी, नाहीतर कॉमेंटरीवाला काय म्हणेल.

मंडळांना म्हणूनच सांगतो. चषक कमरेएवढा करता, यूट्यूबवर थेट दाखवता, रात्रीच्या मॅचला दिव्यांचे मनोरे भाड्याने आणता. त्यातला एक चषक वीतभर बुटका करा आणि त्या पैशांत संघाच्या किटमध्ये साडेआठशे, साडेनऊशे, हजार आणि अकराशे ग्रॅमची एकेक साधी काश्मिरी बॅट ठेवा. पोरांना हंगामभर चारही वापरू द्या. डिसेंबरात सगळे अकराशेवर तुटून पडतील. मार्चपर्यंत कुणाची कुठली ते त्यांचं त्यांना कळतं, मग हवे तेवढे पैसे घाला. आमच्या शेजारच्या एका गावाने हे केलं आहे, आणि तिथली अकराशेची बॅट जवळजवळ कोरी आहे. तिचं स्टिकरसुद्धा निघालेलं नाही.

दुकानदारांचं म्हणणं मला माहीत आहे. बॉलचा डाग पडलेली बॅट विकली जात नाही, म्हणून ते चाचणी देत नाहीत. बरोबर आहे त्यांचं. मग प्रत्येक वजनाची एक बॅट चाचणीसाठी वेगळी काढा, दुकानामागे नेटची दहा फुटी जाळी लावा, शेजारी खडूचा डबा ठेवा. गिऱ्हाईक कमी किमतीची बॅट घेऊन जाईल, कबूल. पण पुढच्या हंगामात दुसरी बॅट घ्यायला ते त्याच दुकानात येईल, आणि धाकट्या भावाला सोबत आणेल.