पत्र बंतेनु?

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (१८९७) ही रोजनिशा, पत्रे आणि तारांमधून उलगडणारी कादंबरी. पहिली नोंद ३ मेची. यंदा घरी ठरवले, ज्या तारखेची नोंद, ती त्याच रात्री वाचायची. मी मराठीत सांगतो, सौ. तेच सासूबाईंना कन्नडमध्ये सांगते.

तरुण वकील जोनाथन ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात अडकला, तेव्हा मुलांनी अंथरुणे जवळ ओढली. ३० जूनला त्याची रोजनिशी थांबली आणि खरी धास्ती सुरू झाली. पुढे त्याची वाग्दत्त वधू मीना नुसती वाट पाहते. कॉलेजात असताना ही पाने मी तासाभरात उलटली होती. आता सासूबाई रोज जेवताना विचारत, "पत्र बंतेनु?"

१२ ऑगस्टला बुडापेस्टच्या रुग्णालयातले पत्र वाचले. जोनाथन जिवंत होता! मीनाला मात्र ते १९ तारखेला कळते. त्या आठवड्यात सासूबाई हळूच म्हणाल्या, १९७१ च्या युद्धात सासरे आघाडीवर होते, महिनाभर पत्र नव्हते. हे सौ.लाही ठाऊक नव्हते.

शेवटची नोंद ६ नोव्हेंबरची. कुणीही पुढची पाने चाळायची नाहीत, अशी सासूबाईंची ताकीद आहे.