तिजोरीच्या दोन किल्ल्या

आमच्या खारघरला थंडी पडते ती कपाटातल्या स्वेटरांची कीव येऊन. पारा अठरावर आला की सोसायटीत कानटोप्या निघतात. अशा गावातला आमचा भाचा परवा म्हणाला, "मामा, जानेवारीत केदारकंठ्याला जाणार. एकटा!"

केदारकंठा म्हणजे उत्तराखंडातला साडेबारा हजार फुटांचा डोंगर. जानेवारीत तिथं बर्फच बर्फ.

"डोंगर समजला. एकटा कशाला?"

"स्वतःचा शोध घ्यायला."

स्वतःचा शोध घ्यायला गेलेल्यांचा शोध शेवटी दुसऱ्यांनाच घ्यावा लागतो, हे कोणी बोलत नाही. मे 2022मध्ये लोणावळ्याच्या नागफणीकडे एक तरुण एकटाच गेला आणि वाट चुकला. 'शिवदुर्ग मित्र'ची पोरं, पोलीस, सगळ्यांनी दिवसचे दिवस रान धुंडाळलं. दरीत सापडला तो देह. तिथं तर बर्फही नव्हता! बर्फात अंग गारठलं की आधी डोकं चालेनासं होतं. आणि 'बाबा रे, तुझं डोकं चालत नाहीये' हे सांगायला शेजारी कोणीतरी लागतं.

बँकेत आम्ही तिजोरीसुद्धा एकट्याला उघडू देत नाही. दोन किल्ल्या, दोन माणसं. माणूस चोर असतो म्हणूनच नव्हे, चुकतो म्हणूनही. लोकांच्या नोटांना जी काळजी, ती माझ्या बहिणीच्या एकुलत्या एक पोराला नको?

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "पटलं मामा. दुसरी किल्ली तुम्ही."

सध्या मी रोज पहाटे खारघरची टेकडी चढतो आहे. दोन स्वेटर घालून.